निवळकीच्या भैरोबाचे खांदे

निवळकीचा भैरोबा पहिल्यांदा पाहणारा माणूस जरा बिचकतोच. गाभाऱ्यात मूर्ती म्हणून जे दिसते तो कमरेएवढा शेंदराचा ढीग आहे आणि त्यात दोन चांदीचे डोळे. मान नाही, हात नाहीत, खांदे तर नाहीतच. वरपासून खालपर्यंत सारे गुळगुळीत आणि उतरते. लांबून आलेली मंडळी ओंजळीत चाफ्याच्या कळ्या घेऊन येतात, कारण आसपासच्या पाच-पन्नास गावांत भैरोबा म्हटला की कौल आलाच. मुलीचे लग्न जमेल का, विहिरीला पाणी लागेल का, भावाशी समेट करावा का. कळ्या लावायच्या आणि देवाला विचारायचे. इथे मात्र त्या कळ्या पायरीवरच ठेवाव्या लागतात. हा देव कौल देत नाही. कळी चिकटवायला त्याच्या अंगावर जागाच ठेवलेली नाही.

हे असे का, ते सांगतो, पण आधीच बजावून ठेवतो, ही शौर्याची गोष्ट नव्हे. तशा हव्या असतील तर गावात शिंगट्यांची दोन घराणी आहेत. दोन्हींकडे पोत्याने मिळतील, आणि एकाची दुसऱ्याशी जुळणार नाही.

असे सांगतात की, फार मागे राज्याचा धनी अचानक वारला. मागे दोन राण्या आणि दोन मुलगे राहिले. थोरलीने आपला मुलगा गादीवर बसवला, धाकटीनेही आपला बसवला. एका राज्याच्या दोन गाद्या झाल्या, दोन शिक्के झाले, आणि परका शत्रू वेशीपाशी उभा असताना घरची माणसे एकमेकांच्या उरावर बसली. बारा वर्षे हे चालले. लिहिणाऱ्यांनी त्याला मोठमोठी नावे दिली असतील. आमच्याकडे त्याला भाऊबंदकी म्हणतात.

त्यातली पहिली मोठी लढाई वडखिंडीत झाली. दोन्ही फौजांची बोली एक, पागोटी एक, निशाण भगवेच, आणि तोंडात आरोळीही एकच, ‘भैरोबाच्या नावानं चांगभलं!’ आपला कोण आणि परका कोण हे कळेना, म्हणून थोरल्या गादीच्या लोकांनी पागोट्यात लिंबाचे डहाळे खोवले आणि धाकट्या गादीच्या लोकांनी कपाळाला भंडारा फासला. दुपार होईतो डहाळे गळाले, घामाने भंडारा उतरला, आणि मग समोर येईल त्याला कापणे एवढेच उरले. संध्याकाळी प्रेते वाटून घ्यायला दोन्हीकडचे लोक आले, तर कुणाचे कोण हे कुणालाच सांगता येईना. शेवटी सरसकट एकाच चितेवर घातली. जिवंतपणी जमले नाही ते मेल्यावर जमले म्हणायचे.

दुसरी लढाई सोनतळ्याच्या गढीची. धाकट्या गादीचा सरदार पिराजी शिंगटे सात महिने वेढा घालून बसला होता. आतल्या लोकांनी उपासमारीने हात टेकले, तेव्हा त्याने बेलभंडारा उचलून शब्द दिला की, गढीच्या दारात तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. तसा लागलाही नाही. दारातून सगळे सुखरूप बाहेर आले. खंदक ओलांडला आणि पलीकडच्या चिंचबनात त्यांना गाठून मारले. शब्द मोडला नाही, हे पिराजी पुढे आयुष्यभर छाती काढून सांगत असे. आणि लोकही असे वेडे की म्हणायचे, पिराजी माणसाला फसवील, पण देवाच्या शब्दाबाहेर जायचा नाही.

थोरल्या गादीचा सरदार होता हणगोजी शिंगटे, पिराजीचा सख्खा चुलतभाऊ. दोघांचा आजा एक, गाव एक, कुलदैवत एक. हणगोजी अंगाने आडवातिडवा, बोलायला सावकाश, आणि देवभोळा किती, तर घोडे घ्यायचे झाले तरी आधी कौल लावणार. त्याचे सोबती मागे हसत, ह्याला शिंक आली तरी भैरोबाला विचारूनच शिंकेल. पण रणात त्याच्यासारखा खंबीर माणूस दुसरा नव्हता, आणि त्याने दिलेला शब्द कुणाला मोजूनमापून घ्यावा लागत नसे.

आता ज्याची ही गोष्ट, तो लुमाजी गुरव. भैरोबाची पूजा त्याच्या घराण्याकडे पिढीजात होती. देवाच्या दोन्ही खांद्यांवर तेव्हा बोट टेकेल एवढे खळगे होते. तिथे पाण्याचे बोट लावून कळी चिकटवायची, एक उजवीकडे, एक डावीकडे. गाऱ्हाणे घालायचे आणि वाट पाहायची. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एकाचा कौल दुसऱ्याला सांगायचा नाही, ही लुमाजीच्या घराची रीत. माणूस देवापाशी पोटातले बोलतो, ते बाहेर गेले तर देवळात कोण येईल?

लुमाजी माणूस वाईट नव्हता, आणि खरे दुखणे तेच आहे. तो तरुण असताना म्हणे दोन भाऊ विहिरीच्या पाळीवरून भांडत आले होते. कुणाचे खरे हे साऱ्या गावाला ठाऊक होते, पण लबाड भाऊ आधी गाऱ्हाणे घालून बसला. आता उजवी पडली तर दुसऱ्याची बागाईत वाळून जाणार. लुमाजीने उजव्या कळीखाली पाण्याऐवजी चंदनाच्या गंधाचे बोट लावले. गंध चिकट, ती कळी बसून राहिली आणि डावी पडली. लबाड भाऊ देवाला घाबरून मुकाट्याने घरी गेला, गाव खूश झाले. लुमाजीला वाटले, देवाच्या मनात हेच होते, मी नुसता हात लावला.

एकदा हात लावायची सवय लागली की ती सुटत नाही. हिंडफिऱ्या नवऱ्याला घरी वळव, सुनेला माहेरी धाड, तंटा मिटव, असे तो गंधाच्या बोटाने तीस वर्षे गावाचे भले करत राहिला. त्याची एकुलती मुलगी बयजा. तिला शिरसवाडीचे खाऊनपिऊन सुखी घर सांगून आले होते आणि लुमाजीच्या बायकोचे मन तिकडेच होते. पोरीचे मन मात्र निंबाजीवर. तो त्यांच्याच जातीचा, हणगोजीच्या फौजेत शिंग फुंकणारा, घरात खायची मारामार. लुमाजीने कौल लावला आणि देवाने निंबाजीला होकार दिला. देवापुढे आईचे काय चालणार? लग्न झाले, पोरगी सुखात पडली. बापाने ते गुपित कुणापाशी फोडले नाही.

लढाईच्या बाराव्या वर्षी, माघ वद्यात, दोन्ही फौजा निवळकीलाच येऊन भिडल्या. अलीकडे कोळवी नदीच्या उंच काठावर माळ आहे, तिथे हणगोजीचे दीड हजार लोक. पलीकडे उतरणीला पिराजीचे तेवढेच. जागा हणगोजीची बळकट होती. नदी ओलांडून चढावर येणाऱ्याची काय गत होते ते शेळ्या वळणाऱ्यालाही कळते. गावात घर असे एक नव्हते की ज्याचा माणूस त्या दोन तळांपैकी कुठे नाही. कित्येक घरांचे दोन्हीकडे होते. बायका सकाळी पाण्याला जायच्या तेव्हा अलीकडच्या काठाला नवरा दिसायचा आणि पलीकडे भाऊ.

एक मात्र होते. निवळकीच्या शिवारात भैरोबाला विचारल्याशिवाय शिंगट्यांपैकी कुणी तलवार उपसायची नाही, ही आज्याच्याही आधीची चाल होती. दोघेही विचारायला येणार, हे लुमाजीला ठाऊक होते. नवमीच्या सकाळी त्याने देवाला आंघोळ घातली, सहाणेवर गंध नेहमीपेक्षा घट्ट उगाळले आणि मनाशी ठरवले. दोघांनाही डावा द्यायचा. दोघेही देवाला मानतात. आजचा दिवस टळला की उद्या वडीलधारी मधे पडतील, काहीतरी तोड निघेल. दोन तळांतल्या तीन हजार माणसांचा जीव आपल्या एका बोटावर आहे, असे त्याला वाटले, आणि ते खोटेही नव्हते. खरे सांगायचे तर त्या तीन हजारांत त्याला एकच चेहरा दिसत होता. शिंग फुंकणारा सरदाराच्या बाजूलाच उभा असतो, आणि पहिला वार त्याच्याकडेच येतो.

हणगोजी उन्हे वर यायच्या सुमारास अनवाणी आला. बरोबर दोन मानकरी आणि पाठीमागे शिंग खांद्याला अडकवलेला निंबाजी. त्याने गाऱ्हाणे घातले, ‘देवा, आज लढाई द्यावी का?’ कळ्या लागल्या. डावी टपकन पडली.

हणगोजी बराच वेळ त्या पडलेल्या कळीकडे पाहत राहिला. जय हातातोंडाशी आलेला, आणि देव नाही म्हणतो. एका मानकऱ्याने हळूच विचारले, “पर राव, त्येच अंगावर आले तर?”

“देव नको म्हणतो, तर नको,” हणगोजी म्हणाला. “दिवस मावळेपर्यंत कौल आहे. तोवर कुणी हत्यार उचलायचं नाही. पुढचं त्यानं बघावं.”

लुमाजीच्या मनात आले, हा असाच बसून राहिला आणि ते आले तर? पण पिराजीलाही डावाच मिळणार आहे, मग अंगावर येतो कोण? निघताना निंबाजी जरा मागे रेंगाळला. लढाई नाही म्हटल्यावर त्याचे तोंड पोरासारखे फुलले होते. “मामा,” तो म्हणाला, “सांच्याला जेवायला येतो म्हनून सांगा तिला.”

लुमाजीने लगोलग घरी निरोप धाडला. बयजा त्या दिवसांत माहेरीच होती. तिने हरभऱ्याची डाळ शिजायला घातली.

ऊन तापल्यावर पिराजी आला. वीस घोडेस्वार देवळाबाहेर थांबले, तो एकटा आत आला. त्यानेही तेच विचारले, आज लढाई द्यावी का? डावी पडली. कौल तीनदा लावता येतो. पिराजीने दुसऱ्यांदा लावायला सांगितले. पुन्हा डावी. मग तो गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी वाकून बसला, आणि देवाकडे बघायचे सोडून लुमाजीच्या हाताकडे बघू लागला.

“तिसऱ्यांदा लाव, गुरव. सावकाश लाव.”

सहाण कोपऱ्यात होती. तिथपर्यंत हात नेला तर हा बघणार. नुसत्या पाण्यावर कळ्या लावल्या तर कुठली पडेल ते देव जाणे. तीस वर्षांत पहिल्यांदाच लुमाजीला देवावर सोडायची पाळी आली होती, आणि त्याची छाती होईना. देवाचा खरा कौल काय येईल याची ज्याला भीती वाटते, तो गुरव कसला? पण वाटली खरी. आणि घराण्यात कुणी कधी केले नव्हते ते तो करून बसला.

“सरकार, मन मोठं करा,” तो हात जोडून म्हणाला. “देवाच्या मनातच न्हाई लढाई. हणगोजीरावांनाबी डावाच आलाय. हत्यारं खाली ठिवून बसल्यात ते. तुमीबी माघारी फिरा, दोन्ही घरं वाचतील.”

पिराजीने मान वर केली. “हत्यारं खाली ठेवलीत? कधीपर्यंत?”

“दिवस मावळेपर्यंत, सरकार. देवाचा शब्द हाय. कायबी झालं तरी उचलायचे न्हाईत.”

पिराजी उठला. तिसरा कौल त्याने लावूच दिला नाही. “पुरे. देवाला तरी किती त्रास द्यायचा,” असे म्हणून त्याने हातातले सोन्याचे कडे काढून देवापुढे ठेवले, लोटांगण घातले आणि गेला. लुमाजीच्या डोळ्यांना धारा लागल्या, आनंदाच्या. एका बोटाने आणि एका वाक्याने आपण लढाई थांबवली, अशा समाधानात तो घरी आला, दोन घास खाल्ले आणि ओसरीवर आडवा झाला.

दुपार टळली. बयजा पुरण वाटत होती. ती मधूनच हात थांबवून माळाच्या दिशेला कान द्यायची. लुमाजी तिला म्हणाला, “कशाला जीव टांगतीस? लढाई असती तर शिंग ऐकू आलं असतं. बघ कसं सामसूम हाय.”

आणि सामसूमच होते. शिंग वाजले नाही, नौबत झडली नाही, चांगभल्याची आरोळी उठली नाही. शिंग दोन फौजा एकमेकींवर जातात तेव्हा वाजते. माळावर त्या वेळी एकच फौज चालून आली होती.

जे वाचले त्यांच्यातल्या दोघा-चौघांनी पुढे सांगितले ते असे. पिराजीची माणसे नदी उतरून, चढ चढून, घाई न करता वर आली. हणगोजीचे लोक माळावर पंगतीसारखे बसले होते, कुणी भाकरी सोडली होती, कुणी घोड्याचा तंग सैल करत होता. भाले आणि तलवारी मधोमध रचून ठेवलेल्या. पहिल्यांदा वाटले, बोलणी करायला येतात. मग पहिले डोके उडाले. काहीजण त्या रचलेल्या हत्यारांकडे धावले, तर हणगोजीच त्यांच्या आडवा उभा राहिला, दोन्ही हात पसरून. “कौल आहे,” तो ओरडला, “कौल आहे! बसा खाली!” आणि म्हणे बरेचजण बसले. ज्या सरदारामागे बारा वर्षे मरायला तयार होते, त्याच्या शब्दावर ते बसून मेले. निंबाजीने शिंग ओठाला लावले होते. तो हणगोजीच्या तोंडाकडे बघत हुकमाची वाट पाहत राहिला. हणगोजीने हुकूम दिला नाही. त्या माळाला आज बसका माळ म्हणतात.

गावाला कळले ते असे, की दिवस कलायला आणि खोगीर नसलेला एक घोडा वेशीतून आत येऊन हौदाला तोंड लावायला गाठ पडली. मग दुसरा आला. मग पाच-सात आले. कुणाच्याही पाठीवर काही नव्हते, अंगावर मात्र रक्त होते आणि ते घोड्यांचे नव्हते. बयजाने पुरणाची परात तशीच ठेवली आणि ती धावत सुटली. लुमाजीही मागून धावला. निंबाजी सापडला तेव्हा शिंग त्याच्या मुठीतच होते. बोटे सोडवायला दोघांना जोर लावावा लागला.

दुसऱ्या दिवशी पिराजी वाजतगाजत देवाच्या पाया पडायला आला. गावच्या लोकांनी दारे लावून घेतली होती. बयजा देवळाच्या ओट्यावर खांबाला टेकून बसली होती, तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही. लुमाजी आत होता. तो म्हणाला, “सरकार, देवानं तुमाला डावा दिलता. दोनदा दिलता.”

“दिला ना. मी कुठे मोडला?” पिराजी म्हणाला. “देवाने लढाईला नाही म्हटलं. समोरचा हत्यारच उचलणार नसेल तर ती लढाई कसली? ती कापणी. कापणीला देवाने कधी नाही म्हटलंय? आणि तू सांगितलंस म्हणून कळलं, गुरव. नाहीतर मी माघारी फिरणारच होतो.” एवढे बोलून त्याने देवाला बारा बिघे इनाम जाहीर केले आणि तो गेला. पुढे धाकट्या गादीच्या दप्तरात त्या दिवसाची नोंद मोठा विजय म्हणून झाली, असे सांगतात.

बयजाने सगळे ऐकले होते. ती उठून उंबऱ्यापाशी आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

“बा, देवाचा कौल ह्यो पिराजी म्हनतो तसा फिरवता यील, एवढा लेचापेचा असतो का रं? खरं सांग. डावा देवानं दिलता का तू?”

लुमाजीने मनाशी तोलून पाहिले. देवाने दिला म्हणावे, तर माळावर पडलेली सातशे माणसे देवाने मारली. मी दिला म्हणावे, तर मी मारली. दोन्ही नको म्हणून पळून जायला वाट नव्हती, उंबऱ्यात ती उभी होती.

“म्या दिलता,” तो म्हणाला. “ह्या बोटानं.”

“आन् माजा?”

कुठला, हे त्याने विचारले नाही. “त्योबी,” तो म्हणाला. “तुजं सुख व्हावं म्हून.”

बयजाने कपाळावर हात मारून घेतला नाही, शिव्या दिल्या नाहीत. बाहेर बायकांचा घोळका जमत होता. ज्यांची माणसे माळावर पडली त्या घरांतल्या बायका, सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, की देवाने आमच्या माणसांना असे का बसवले? लुमाजी उठला आणि म्हणाला, मी त्यांना सांगतो. बयजाने त्याला हाताने मागे सारले. “न्हाई सांगायचं. त्यांची मानसं देवाच्या शब्दापायी गेली, एवढं तरी त्यांच्यापाशी राहू दे. तेबी काढून घितोस का आता?”

मग तिने कोनाड्यातला शेंदराचा डबा ओढला. तेलात शेंदूर कालवला. कालपर्यंत सवाष्ण असतानाही तिने कधी गाभाऱ्यात पाऊल टाकले नव्हते, आणि आज कपाळ पुसलेले घेऊन ती देवापुढे गुडघ्यावर बसली. उजव्या खांद्याचा खळगा तिने मुठीने भरला, दाबून दाबून. मग डावा. मग पुन्हा उजवा. जमलेल्या बायका बघत राहिल्या. कुणीतरी म्हणाले, अगं पोरी, विटाळ होईल. तिने मागे पाहिले नाही. खांदे दिसेनासे होईपर्यंत ती थापत राहिली आणि मग देवालाच म्हणाली, “आता तुला कुनी काय इचारनार न्हाई. आन् तुज्या नावानं कुनी काय सांगनार न्हाई.”

लुमाजी त्यानंतर अकरा वर्षे जगला. देवळाच्या बाहेर बसायचा, आत जायचा नाही; पूजा त्याच्या भावकीकडे गेली. बारा बिघे जमीन तशीच पडीक राहिली, तिथे आजही बाभळी आहेत. मरताना त्याने सगळे सांगून टाकले म्हणून हे आपल्याला ठाऊक. पण अर्ध्या गावाने तेव्हाही मानले नाही आणि आजही मानत नाही. हणगोजीच्या घराण्यातले म्हणतात, कौल देवाचाच होता, आमच्या पूर्वजाने तो प्राण देऊन पाळला, गुरव म्हातारपणी भ्रमिष्ट झाला होता. पिराजीच्या घराण्यातले म्हणतात, गुरव फितूर होता, आमच्या पूर्वजाने त्याची फितुरी वापरली एवढेच. जत्रेत दोन पालख्या निघतात, दोन वाटांनी. मधल्या चौकात समोरासमोर आल्या की बँडवाले आवाज वाढवतात, आणि पोलीस पाटील घाम पुसत मधे उभा राहतो. दोन्ही पालख्यांपुढे चांगभलं तेच.

बयजाची चाल मात्र कुणी मोडली नाही. कुणीही असो, इथे देवाला विचारायला मिळत नाही. निवडणुकीच्या वेळी दोन्हीकडचे उमेदवार कळ्या घेऊन येतात आणि हात हलवत परत जातात. दुसऱ्या कुठल्या भैरोबाकडे जात असतील, तिथे त्यांना हवा तो कौल मिळतही असेल. ज्याला जे करायचे ते त्याने करावे आणि ‘मी केले’ म्हणावे, असे इथले म्हणणे आहे. ते कुणाला आवडत नाही, पण बदलतही नाही.

आणि शेवटचे. इतर देवळांत शेंदूर पुजारी लावतो. इथे माघ वद्य नवमीला गुरवाच्या घरातली विधवा लावते. दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही, भाड्याने आणलेली बाई चालत नाही, त्याच घरची लागते. ज्या वर्षी अशी बाई घरात नसेल त्या वर्षी देव तसाच राहील, शेंदूर निघून येईल, खांदे उघडे पडतील आणि पुन्हा कौल सुरू होईल, असे म्हणतात. गुरवाच्या घरात नवी सून आली की तिच्या माहेरचे लोक हे ऐकून कावरेबावरे होतात. त्यांना सांगणारे सांगतात, अहो, घाबरू नका, हे सारे जुने झाले. पण आजही ते घर भरलेले आहे, आजही दर नवमीला दार उघडते आणि पांढऱ्या कपाळाची एक बाई डबा घेऊन गाभाऱ्यात जाते, आणि इतक्या वर्षांत एकदाही असे झालेले नाही की शेंदूर लावायला तिथे कुणी नव्हते.